मशीन थांबेपर्यंत

“बसा, बसा. मशीन थांबंपर्यंत बसा की, पाव्हणं.”

हे म्हणताना तो खांद्यावरचा टॉवेल काढून प्लॅस्टिकच्या खुर्चीवर फटकन मारायचा. खुर्ची स्वच्छ असली तरी मारायचा. कपडे धुवायला आलेला माणूस म्हणजे आपल्या ओसरीवर आलेला पाहुणा, हे त्याच्या डोक्यात इतकं पक्कं होतं की लहानथोर सगळ्यांना तो ‘पाव्हणं’च म्हणायचा. मग लोकही त्याला पाव्हणं म्हणू लागले. दुकानाच्या पाटीवर इंग्रजी अक्षरांत काहीतरी चकचकीत नाव होतं, ते कुणी वाचलं नाही. ‘पाव्हण्याकडं कपडे टाकून येतो’ म्हटलं की मुकुंदवाडीत सगळ्यांना कळायचं.

अशी दुकानं तुम्ही पाहिली असतील. ओळीनं चार मशिनं, समोर आठ खुर्च्या. आपले कपडे आपणच मशिनात घालायचे, बटण दाबायचं आणि पाऊण तासानं पिळून निघालेले कपडे घेऊन घरी जायचं. आमच्या भागात खोल्या करून राहणारी कंपनीतली पोरं पुष्कळ, आणि नळाला पाणी कधी येईल ते नळालाच ठाऊक. पाव्हण्याच्या दुकानामागच्या मोकळ्या जागेत मात्र बोअर होता आणि त्याला बारमाही पाणी होतं. त्यामुळे मशिनं फिरत होती. तरी पाव्हण्याचं समाधान नव्हतं. पोरं कपडे टाकायची, बटण दाबायची आणि निघून जायची. पाऊण तास दुकानात तो एकटा आणि समोर आठ रिकाम्या खुर्च्या. ते त्याला बघवायचं नाही.

तो फुलंब्रीकडचा. घरी मेंढरं आणि थोडी कोरडवाहू जमीन. वडील आणि भाऊ मेंढरांमागेच राहिले, हा एकटा शहरात कंपनीत लागला आणि कंपनी सुटल्यावर त्यानं हे दुकान टाकलं. वडिलांना कळलं तेव्हा ते म्हणाले, “दुसऱ्याची धुणी धुणार व्हय तू?” आणि दुकान बघायला ते आले नाहीत. हे त्यानं मला ओळख झाली त्याच दिवशी हसत हसत सांगितलं. पुढे अधूनमधून पुन्हा सांगू लागला, तेव्हा माझ्या लक्षात आलं की हा विषय हसण्याचा नाही.

“म्हाताऱ्याला एकडाव हितं आणून बसवायचंय, भाऊ,” तो म्हणायचा. “पण रिकाम्या खुर्च्यांत कसं बसवू? धा माणसं बसलेली दिसली पायजेत. गावात पारावर बसतेत तशी.”

त्याला एवढंच हवं होतं. यासाठी त्यानं जे उद्योग केले ते ऐकण्यासारखे आहेत.

त्याचं गणित सरळ होतं. शेतीला जोडधंदा लागतो, मग धुण्याला का नको? जोडधंदा असा पाहिजे की माणूस खुर्चीला चिकटला पाहिजे. पहिल्यांदा त्यानं चहा ठेवला. वहिनी, म्हणजे त्याची बायको, चहा फक्कड करायची. लोक चहा घ्यायचे आणि कप घेऊन बाहेर जायचे, कुणाच्या तरी मोटारसायकलीला टेकून उभ्यानं प्यायचे. मशिनं आत, खुर्च्या आत, वहिनी आत आणि गिऱ्हाईक रस्त्यावर. पाव्हणा दारात उभा राहून “आत बसा की” म्हणत राहायचा आणि लोक “हां हां” म्हणत बाहेरच राहायचे.

मग त्यानं पिठाची गिरणी आणली. “कपडे बी फिरतेत, दळण बी फिरतंय. दोन्हीपायी थांबावंच लागतंय,” असं त्यानं मला बोट नाचवून समजावलं होतं. दळणाला बायका आल्या, थांबल्या, बसल्यासुद्धा. पण गिरणीचं पीठ उडून ओल्या कपड्यांवर बसू लागलं. कंपनीच्या निळ्या युनिफॉर्मवर तर ते फारच शोभून दिसायचं. एक पोरगा पँट झटकत म्हणाला, “अंकल, कपडे धोए क्या रोटी बेली?” पाव्हणा स्वतःच इतका हसला की त्याला खाली बसावं लागेल असं वाटलं, पण तो बसला नाही. तो कधीच बसायचा नाही. गिरणी दुसऱ्या आठवड्यात परत गेली.

त्यानंतर एका कोपऱ्यात कटिंगवाला बसवला. पिठाच्या जागी केस उडू लागले. तो गेल्यावर मी आलो.

मी त्याचा चौथा जोडधंदा. माझं झेरॉक्सचं आणि पासपोर्ट फोटोचं दुकान रस्ता रुंद झाला तेव्हा गेलं होतं, आणि मी मशीन ताडपत्रीत गुंडाळून घरी बसलो होतो. पाव्हणा आपण होऊन घरी आला. ताडपत्री वर करून बघत म्हणाला, “हे बी मशीनच हाय. आमच्या मशिनांत बसंल.” मी तसा तुसडा माणूस, कुणाच्या आश्रयाला जाणं मला आवडत नाही. पण त्यानं विचारलंच अशा थाटात की जणू मीच त्याच्यावर उपकार करतोय. दुसऱ्या दिवशी माझं मशीन त्याच्या दुकानात होतं. चहा सोडला तर हाच जोडधंदा तेवढा टिकला.

फोटोमुळे एक गंमत झाली. कुणाला अर्जासाठी तातडीनं फोटो हवा असायचा आणि त्याचा बरा शर्ट नेमका मशिनात फिरत असायचा. पाव्हण्यानं आपला एक पांढरा शर्ट खिळ्याला टांगून ठेवला. जो येईल तो तोच शर्ट घालून पडद्यासमोर बसायचा. जाड्याला पुढची बटणं लागायची नाहीत, बारक्याच्या मागे मी चिमटे लावायचो. तुम्ही आमच्या भागात कुणाचं ओळखपत्र पाहिलंत तर नीट बघा. कॉलरच्या डाव्या टोकाला शिवण उसवलेली दिसली तर तो पाव्हण्याचा शर्ट. माणसं निराळी, शर्ट एकच. पाव्हण्याला याचा फार अभिमान होता. स्वतः मात्र कधी फोटोला बसला नाही. “आपला काय काढता? पाव्हण्यांचा काढा.”

एवढं सगळं होऊनही खुर्च्या काही भरत नव्हत्या. फोटोला किती वेळ लागणार?

त्या उन्हाळ्यात समोरच्या अपार्टमेंटमधली एक म्हातारी वारली. घरातले पुरुष मातीहून परत आले आणि गेटपाशीच उभे राहिले. मातीहून आलेला माणूस अंघोळ केल्याशिवाय उंबरा ओलांडत नाही आणि अंगावरचे कपडेही तसेच घरात नेत नाही. पण त्यांच्या टाकीत थेंब नव्हता आणि टँकर यायचा होता. भर उन्हात पाच माणसं भिंतीच्या सावलीच्या पट्टीत उभी होती. थोरला मुलगा आपल्या चपलांकडे बघत होता.

पाव्हण्यानं दारातून त्यांना पाहिलं आणि रस्ता ओलांडला. मी म्हणालो, “अहो, कुठं?” पण त्यानं ऐकलं नाही.

“हिकडं या, पाव्हणं. बोअरला पाणी हाय.”

त्यांना त्यानं मागच्या जागेत नेलं, पाइप लावून दिला, घरून टॉवेल आणि लुंग्या आणल्या. त्यांचे कपडे उचलून स्वतः तीन नंबरच्या मशिनात घातले. मग पाच खुर्च्यांवर पाच वेळा टॉवेल मारला. “बसा. मशीन थांबंपर्यंत बसा.” आवाज जरा खाली आणला होता, एवढाच फरक.

दोन नंबरला एका बाईचे कपडे फिरत होते. ती उठली. “पाव्हणं, उद्या माझ्याकडं सत्यनारायण आहे. आणि तुम्ही इथं मातीचं धुणं घेता?” तिनं मशीन मध्येच बंद करायला लावलं, फेसासकट कपडे बादलीत भरले आणि ठिबकत ठिबकत निघून गेली. म्हातारीचा मुलगा उठायला लागला. पाव्हण्यानं त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला खाली बसवलं.

दुसऱ्या दिवसापासून गिऱ्हाईक तुटलं. कंपनीतली पोरंसुद्धा येईनात. कुणाच्या तरी घरमालकिणीनं सांगितलं असणार. मशिनं उघडी पडून राहिली. मला राग आला होता, त्या बाईचा नाही, पाव्हण्याचाच. भलेपणा करायचा तर मागच्या दारानं करावा, असं माझं मत.

“लोकांना सांगा की मशीन नंतर औषध टाकून धुतलं,” मी म्हणालो. “नाहीतर काही सांगूच नका. पंधरा दिवसांत विसरतील.”

“इसरत नाय कुणी,” तो म्हणाला.

त्यानं रंग आणला आणि तीन नंबरच्या वरच्या भिंतीवर स्वतःच्या हातानं, वाकड्यातिकड्या अक्षरांत लिहिलं: ‘हे मशीन मातीहून येणाऱ्या पाव्हण्यांसाठी आहे.’

मी कपाळावर हात मारला. “अहो, झाकायचं सोडून पाटी लावता?”

“झाकलं तर चारी मशिनं बाटतेत, भाऊ. लिवलं तर एकच.”

आणि तसंच झालं. माणसाला बाटण्याची भीती नसते, नक्की काय बाटलंय हे माहीत नसण्याची असते. आधी एक बाई आली आणि दारातूनच विचारलं, “एक नंबर चांगलं ना?” मग दुसरी आली. पोरं आली. सत्यनारायणवाली बाईसुद्धा महिन्याभरात आली आणि तीन नंबरकडे पाठ करून बसली.

पण खरा फरक तीन नंबरनं केला. पाटी वाचून लोक येऊ लागले. स्मशानातून परस्पर इकडेच. पाव्हण्यानं मागे पत्र्याची न्हाणी करून घेतली, लुंग्यांची चळत ठेवली. त्या मशिनाचं तो कुणाकडून काही घेत नसे. अंघोळ करून माणसं खुर्च्यांवर बसायची. वहिनी चहा आणायची आणि तो चहा घेऊन कुणी बाहेर जात नसे. इतकी वर्षं वहिनीचा चहा बसून प्यायला कुणी तयार नव्हतं, ते आता झालं. आठ खुर्च्या कमी पडून त्यानं आणखी चार आणल्या.

पाव्हण्याला हवी होती तशीच माणसं बसली होती. फक्त ती बोलत नव्हती. सगळी समोर बघायची, मशिनाच्या गोल काचेकडे. आत धोतरं, शर्ट, पायजमे एकमेकांत गुंतून फिरत राहायचे. पाव्हणाही कोण गेलं, कशानं गेलं, काही विचारायचा नाही. इतर वेळी त्याची जीभ टाळूला लागत नसे, पण या लोकांपुढे ते एक वाक्य सोडून त्याच्याकडे दुसरं वाक्य नसायचं.

एकदा मी विचारलं, “पाव्हणं, सारखं हे बघून तुम्हाला काही होत नाही का?”

तो मशिनाची काच पुसत होता. “व्हतंय की. पण हे फिरतंय तवर माणसाला कायबी करायचं नसतंय बगा. घरी गेल्यावर हायेच सगळं. तेवढा पाऊण तास बरा.”

मला ते तेव्हा पुरतं कळलं नव्हतं.

त्याचे वडील आले ते असेच. त्याची आत्या इथंच, मुकुंदवाडीत दिलेली होती. ती गेली, तेव्हा गावाकडून माणसं आली, आणि माती झाल्यावर सगळी इकडेच अंघोळीला आली. त्यांत पांढरा पटका, हातात काठी आणि खांद्यावर घोंगडी असलेला एक उंच म्हातारा होता. तो दारात थांबला. पाव्हण्यानं टॉवेल काढला आणि मधल्या खुर्चीवर मारला. एकदा मारला, मग पुन्हा मारला. शेवटी मीच म्हणालो, “बसा, आबा.”

अंघोळ करून, पिशवीतलं दुसरं धोतर नेसून म्हातारा बसला. आजूबाजूला अकरा माणसं बसलेली होती. समोर तीन नंबरमध्ये त्याचा पटका फिरत होता. बराच वेळ तो बघत राहिला.

“कातरायच्या आधी वढ्यात मेंढरं धुतो, तसंच हाय की हे,” तो म्हणाला.

“व्हय, आबा.”

“किती येळ बसायचं?”

“मशीन थांबंपर्यंत.”

म्हाताऱ्यानं मान हलवली. मशीन थांबलं तेव्हा बाकीचे उठले, आपापले कपडे वेचू लागले. म्हातारा उठला नाही. “थांबलं व्हय?” त्यानं विचारलं. “अजून एकडाव फिरव.”

“झालंय की, आबा. निघालेत कपडे.”

“फिरव रं.”

पाव्हण्यानं त्याचा पटका आणि धोतर तेवढं आत ठेवलं आणि मशीन फिरवलं. मग तो माझ्या झेरॉक्सच्या मशीनमागे येऊन उभा राहिला, आमच्याकडे पाठ करून. दुसऱ्या दिवशी मला म्हणाला, “म्हातारा दोन डाव बसला, भाऊ.” आठवडाभर जो येईल त्याला हेच सांगत होता.

यानंतर वर्षही झालं नाही. एका सकाळी मी दुकानात गेलो तर शटर अर्धं वर होतं आणि पाव्हणा आत खुर्चीवर बसला होता. इतक्या वर्षांत त्याला बसलेलं मी पहिल्यांदा पाहिलं. मला बरं वाटलं. मी चेष्टेनं म्हणालो, “आज तुम्हीच बसलात व्हय, पाव्हणं?”

“जरा दम लागलाय,” तो म्हणाला आणि हसला. पाणी मागितलं. मी पाणी आणेपर्यंत त्याचा टॉवेल खांद्यावरून खाली पडला होता. रिक्षा आणली, दवाखान्यात नेलं. तिथं काही करायचं उरलं नव्हतं.

मला रडू आलं नाही. लोक म्हणतात, नंतर येतं. मी वाट बघितली, आलं नाही. तो मला फार आवडायचा आणि हे मी त्याला कधी सांगितलं नव्हतं, एवढं मला कळत होतं. पण ते दुसऱ्या कुणाबद्दल असावं तसं कळत होतं. वहिनीला फोन मीच केला, गावाकडं मीच कळवलं, घरी बोअरच्या पाण्याचे कॅन मीच पोचवले. मातीला गेलो, परत आलो, आणि पाय आपोआप दुकानाकडे वळले. किल्ली माझ्याकडेच होती.

मी शटर उघडलं. न्हाणीत अंघोळ केली. लुंगी होती, पण अंगात घालायला काही नव्हतं, म्हणून खिळ्यावरचा पांढरा शर्ट घातला. तो मला जरा मोठा होतो. तेवढ्यात एकेक जण येऊ लागले. त्याचे भाऊ आले, समोरच्या म्हातारीचा मुलगा आला, कंपनीतली पोरं आली. कुणी कुणाला सांगितलं नव्हतं. सगळे मागे जाऊन अंघोळ करून आले आणि आपले कपडे तीन नंबरमध्ये ठेवत गेले. शेवटी वडील आले आणि दारात थांबले.

टॉवेल तिथंच, ज्या खुर्चीवर तो बसला होता तिच्या पायाशी पडलेला होता. मी तो उचलला आणि मधल्या खुर्चीवर मारला.

“बसा, आबा. मशीन थांबेपर्यंत बसा.”

ते न्हाणीतून आले, बसले. पटका मीच आत घातला आणि बटण दाबलं. खुर्च्या भरलेल्या होत्या, काही जण भिंतीला टेकून उभे होते. बाहेर रस्त्यावर गाड्या जात होत्या. आम्ही सगळे काचेकडे बघत राहिलो. पाऊण तास कुणाला काही करायचं नव्हतं. मलाही काही वाटत नव्हतं, आणि वाटायला हवं असंही तेवढा वेळ वाटलं नाही.

मशीन थांबलं. कुणी उठलं नाही.

म्हाताऱ्यानं माझ्या अंगातल्या शर्टाकडे पाहिलं. “अजून एकडाव फिरव,” ते म्हणाले.

मी फिरवलं.